अकरा महिन्यांचें घर

शेतकऱ्याचें घर व त्याची जमीन यांचा संबंध इतका जुना आहे कीं, आपणांवर भाड्याच्या घरांत राहण्याचा प्रसंग येईल ही कल्पनाच पुष्कळांस रुचत नाहीं. परंतु मुलाचें शिक्षण, नोकरी, घरांतील माणसाचें दुखणें, किंवा जुना वाडा उतरवून नवा बांधणें, यांपैकीं एखाद्या कारणानें परगांवीं बिऱ्हाड करण्याची पाळी आज कोणावरही येते. जमीन घेतांना विहिरीचें पाणी दहा वेळां पाहणारा गृहस्थ अशा वेळीं घर मात्र दलालाच्या एका शब्दावर घेतो, व मागाहून पस्तावतो. हा प्रसंग आम्हांवर नुकताच येऊन गेला. त्यांत जें थोडेंबहुत शहाणपण पदरीं पडलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमच्या मातोश्रींस मूत्रपिंडाच्या विकारामुळें आठवड्यांतून तीन वेळां डायलिसिस करावें लागेल, असें डॉक्टरांनीं सांगितलें. आमचें गांव शिरूर तालुक्यांत. प्रत्येक खेपेस चार तास यंत्रावर, आणि पुण्यास जाण्यायेण्याचे चार-पांच तास निराळे. शहात्तर वर्षांच्या शरीरास हें सोसणें शक्य नव्हतें. तेव्हां रुग्णालयाजवळ बिऱ्हाड करणें भाग पडलें.

घर पाहण्याच्या आधीं, कोणी जावयाचें व मागें कोणी राहावयाचें हें ठरविलें पाहिजे. शेतकऱ्याचें घर हललें म्हणजे गुरें व पीक हलत नाहींत. आम्ही उभयतांनीं मातोश्रींबरोबर जावें, धाकटे बंधू व भावजय यांनीं शेती संभाळावी, असें ठरलें. दोन माणसें कमी झाल्यावर गोठा पूर्वीइतका ठेवणें अवघड, आणि अनामतीसाठीं रोकड हवी, म्हणून एक दुभती म्हैस विकली. तात्पुरत्या घराचा खर्च भाड्यापाशीं संपत नाहीं. दोन चुली पेटतात, हा त्यांतील मोठा खर्च होय, व तो आधींच मांडावा.

जागा खराडीस पाहावी असें ठरण्यास कारण नगर रस्ता. शिरूरकडील एस. टी. याच रस्त्यानें पुण्यास जाते, त्यामुळें घरचें धान्य व भाजीपाला आणणें बंधूंस सोयीचें होतें. खराडी हें मुळा-मुठेच्या कांठचें, हवेली तालुक्यांतील शेतकऱ्यांचें गांव. १९९७ सालीं तें पुणें महानगरपालिकेच्या हद्दींत आलें. पुढें तेथें संगणक-कंपन्यांच्या इमारती उठल्या, आणि ज्या शिवारांत पिकें उभीं असत तेथें उंच उंच मजले उभे राहिले. देशोदेशींचे नोकरदार तेथें भाड्यानें राहतात. सबब घरें पुष्कळ, परंतु भाडीं त्यांच्या पगाराच्या मापानें.

आम्हीं तीन घरें पाहिलीं. पहिलें वाघोलीच्या बाजूचें. ऐसपैस तीन खोल्या, उजेड भरपूर, भाडें १२,००० रुपये. परंतु शेजारीं विचारतां पाणी टँकरचें निघालें, आणि तेथून रुग्णालयापर्यंतचा रस्ता सकाळीं वाहनांनीं तुंबलेला. दुसरें खराडींतच अकराव्या मजल्यावर. स्वच्छ, पाणी चोवीस तास, लिफ्टची सोय; भाडें ३२,००० व अनामत दीड लाख. तिसरें गांवठाणांतील जुन्या घराच्या तळमजल्यावरील दोन खोल्या. भाडें ११,००० व अनामत ४०,०००. मालक तेथील जुने शेतकरी, स्वतः माडीवर राहणारे. दारांत ओटा व लिंबाचें झाड. परंतु उत्तरेच्या भिंतीस ओल, पाणी ठराविक वेळीं, आणि बोळ अरुंद.

आमच्या कुटुंबाचें मत दुसऱ्या घराकडे होतें, व तें निराधार नव्हतें. रोग्याच्या खोलींत स्वच्छता नसेल तर दुखण्यांत दुखणें वाढतें. आमचा हिशेब निराळा होता. दरमहा २१,००० रुपये अधिक म्हणजे अकरा महिन्यांचे २,३१,००० रुपये. औषधपाणी किती काळ चालेल याची खात्री नसतां एवढी रक्कम भिंतींत घालणें आम्हांस परवडणारें नव्हतें. मातोश्रींस विचारलें, तेव्हां त्या म्हणाल्या, "मला दारांत बसतां येईल असें बघा."

अखेर कागदाचे दोन भाग केले. एका बाजूस ज्यावांचून चालणारच नाहीं त्या गोष्टी: तळमजला, रुग्णालय जवळ, रोग्यास सोयीचा संडास, आणि झेपेल असें भाडें. दुसऱ्या बाजूस ज्यावांचून चालवून घेतां येईल त्या: मोठ्या खोल्या, उजेड, चोवीस तास पाणी. पहिल्या बाजूच्या चारपैकीं तीन गोष्टी गांवठाणांतील घरांत होत्या. चौथीसाठीं मालकांशीं बोललों. संडासांत कमोड व भिंतीस धरावयाचा दांडा त्यांनीं बसवावा, ओल्या भिंतीस गिलावा करावा, अशी अट घातली. ती त्यांनीं मान्य केली, व कुटुंबानेंही मग होकार दिला.

आतां कागदाविषयीं. मालक म्हणाले, "अकरा महिन्यांच्या वर नको, कूळ लागतें." आमची हयात महसुलाच्या दप्तरांत गेली, तरी हें वाक्य किती खोल रुजलें आहे तें तेव्हां कळलें. कुळाचा हक्क १९४८ च्या कूळकायद्याचा, शेतजमीन कसणाऱ्यासाठीं. १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाचा संबंध त्याच्याशीं आहे, राहत्या घराशीं नाहीं. अकरा महिन्यांची चाल पडली ती १९०८ च्या नोंदणी कायद्यामुळें. त्यानें वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्यास नोंदणी सक्तीची केली, म्हणून लोक एक महिना कमी लिहूं लागले. परंतु महाराष्ट्रांत १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याच्या ५५ व्या कलमानें घराचा करार कितीही मुदतीचा असला तरी तो लेखी व नोंदलेला असलाच पाहिजे. ती जबाबदारी मालकाची आहे, व कसूर केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. लेखी करार नसल्यास अटींविषयीं भाडेकरूचें म्हणणें खरें धरलें जातें, जोंवर मालक तें खोटें ठरवीत नाहीं. उलट २४ व्या कलमानें मुदत संपल्यावर घर न सोडणाऱ्या परवानाधारकावर दुप्पट दरानें भरपाई बसते. म्हणजे कागद दोघांचेंही रक्षण करतो. खर्च तरी केवढा? एकूण भाडें व अनामतीवरील मानीव व्याज यांच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क, तें आम्हांस सुमारें ३१२ रुपये आलें. व नोंदणी फी १,००० रुपये.

घरानें आम्हांस काय दिलें व काय घेतलें, तेंही सांगितलें पाहिजे. मातोश्री दुपारीं ओट्यावर बसत. मालकांच्या वृद्ध आई जवळ येत, आणि दोघी पेरणीपाण्याच्या गोष्टी बोलत. पावसाळ्यांत मात्र गिलाव्यांतून ओल पुन्हां आली व गांवाहून आणलेली अर्धी पोती ज्वारी बुरसली. त्याहून मोठी चूक बोळाची. श्रावणांत एका रात्रीं मातोश्रींस धाप लागली. रुग्णवाहिका आली, पण बोळांत दुतर्फा मोटारसायकली लावलेल्या, गाडी आंत येईना. मालक व त्यांचे दोघे मुलगे खालीं आले, त्यांनीं मातोश्रींस खुर्चीवर बसवून रस्त्यापर्यंत उचलून नेलें. वेळ निभावली. घर पाहण्यास आम्ही दिवसा, मोटारसायकली कामावर गेलेल्या असतांना गेलों होतों. रात्रीं गेलों असतों तर हा दोष दिसला असता. मात्र अकराव्या मजल्यावर हांक मारतांच तीन माणसें धांवून आलीं असतीं, असेंही आम्हांस म्हणवत नाहीं.

यावरून चार सूचना करतों. घर दोन वेळां पाहावें, एकदां दिवसा व एकदां रात्रीं. पाण्याविषयीं दलालास विचारूं नये, शेजारणीस विचारावें. भिंती, नळ, दारें यांचीं छायाचित्रें पहिल्याच दिवशीं काढून मालकास दाखवावीं. अनामत परत घेतांना वाद राहत नाहीं. आणि खंडानें एकसाली घेतलेल्या रानांत आपण आंब्याचें कलम लावीत नाहीं, तसा भाड्याच्या घरांत कायमचा खर्च करूं नये. परंतु त्या रानाचा बांध फुटला तर आपण तो घालतों, कारण त्या साली पीक आपलेंच असतें. घराचेंही तसेंच आहे. ओल्या भिंतीपासून पोतीं हलविण्यास दोन फळ्या पुरल्या असत्या. "आतां किती दिवस राहावयाचें" म्हणून आम्हीं त्या घेतल्या नाहींत.

अकराव्या महिन्यांत तालुक्याच्या ठिकाणीं मातोश्रींस डायलिसिससाठीं जागा मिळाली, व आम्ही परतलों. रंगाचे १,५०० रुपये वजा करून अनामत हातीं आली. पुढील वर्षीं म्हैस पुन्हां घेण्याचा विचार आहे. ज्या वाचकांस असें परगांवीं बिऱ्हाड करावें लागलें असेल, त्यांनीं आपले अनुभव मासिकाकडे अवश्य लिहून कळवावे. पुढच्यास ते उपयोगी पडतील.