वर्षाची नोंद, सुईदोऱ्याने

नववर्षाला हौसेने आणलेल्या रोजनिशीची पाने फेब्रुवारीनंतर बहुधा कोरीच राहतात. लिहिण्यासारखे काही घडलेच नाही, हे त्याचे नेहमीचे कारण. भरतकामाच्या हौशी मंडळींमध्ये गेल्या काही वर्षांत रुजलेली टाक्यांची रोजनिशी नेमके हेच कारण मोडीत काढते. ताणून बसवलेल्या कापडावर दररोज एक इवलीशी आकृती भरायची, इतकाच तिचा नियम. पहिला पाऊस पडला तर छत्री, आंब्याची पेटी आली तर आंबा आणि काहीच घडले नाही तर चहाचा कप. वहीत ज्या दिवसांना जागा मिळाली नसती, ते येथे हक्काने बसतात.

यासाठी साधारण १० इंची लाकडी रिंग पुरते. कापडावर वर्तुळ आखून त्याचे १२ महिन्यांचे १२ भाग पाडतात. या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ५०० चौरस सेंटिमीटर भरते. म्हणजे एका दिवसाच्या वाट्याला जेमतेम सव्वा ते दीड चौरस सेंटिमीटर. आकृती नखाएवढीच काढावी लागते, आणि ही मर्यादाच खरी सोयीची आहे. दहा-पंधरा मिनिटांत काम आटोपते. कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजतासुद्धा. फार टाके यायला हवेत असेही नाही. उलटी टीप, साखळी टाका आणि गाठीचा टाका एवढ्यावर वर्ष निभावते.

रुखवताच्या तोरणांमुळे घरोघरी परिचित असलेले मॅटीचे कापड मात्र येथे फारसे उपयोगी नाही. त्याची वीण घरे मोजून भरण्यासाठी असते. बारीक वळणे तिच्यावर नीट बसत नाहीत. घट्ट विणीचे सुती कापड घ्यावे आणि ते आधी धुऊन आटवून घ्यावे. भरतकामाच्या दोऱ्याची नेहमीची लडी ८ मीटरची व सहा पदरी असते. हातभर तुकडे कापून दोन-दोन पदर वेगळे केले, तर एका लडीतून सुमारे ५० वेळा सुई ओवता येते. तेव्हा सुरुवातीलाच रंगांची पेटी आणण्याचा मोह टाळलेला बरा. घरातल्या डब्यात उरलेल्या लड्यांवर अनेकांचे निम्मे वर्ष सहज निघेल.

प्रश्न उरतो तो सातत्याचा. २१ दिवसांत सवय लागते, हा समज मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी शल्यविशारदाच्या १९६० मधील पुस्तकावरून पसरला. त्याने लिहिले होते ते नव्या चेहऱ्याला सरावणाऱ्या रुग्णांविषयी, आणि तेही 'किमान' या शब्दासह. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली व सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा काळ १८ ते २५४ दिवस इतका वेगवेगळा आढळला. मधला आकडा होता ६६. एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात विशेष बाधा येत नाही, असेही त्यांना दिसले. त्यामुळे राहिलेला दिवस नंतर आठवून भरण्याचा अट्टहास व्यर्थ वाटतो. आजारपणाच्या आठवड्याची मोकळी जागा हीदेखील नोंदच.

ज्यांना चित्र सुचत नाही, त्यांच्यासाठी तापमानाचे पांघरूण हा विणकामातील प्रकार आहे. दिवसाच्या कमाल तापमानाला एक रंग ठरवून रोज एक ओळ विणायची. मुंबईत मात्र हे पांघरूण बरेचसे एकरंगी होण्याची भीती, कारण तेथील पारा वर्षभर फारसा हलत नाही. मुंबईकरांनी पावसाचे दिवस मोजावेत.

रोजचे काम झाले की रिंग सैल करावी, अन्यथा कापडावर तिचा वळ उमटतो. सुई कापडात खोचून ठेवू नये. पावसाळी हवेत ती गंजते आणि तो डाग निघता निघत नाही. गडद लाल दोरा वापरण्यापूर्वी ओल्या पांढऱ्या चिंधीवर दाबून पाहावा. रंग सुटला तर तो दोरा बाजूलाच ठेवावा, कारण वर्षअखेरीस हे कापड एकदा तरी पाण्यातून काढावे लागणारच. इस्त्री नेहमी उलट्या बाजूने, खाली जाड टॉवेल घालून करावी.