कुत्रीच्या स्तनातील गाठ

अंडाशय शाबूत असलेल्या मादी कुत्र्यांना ज्या अर्बुदांचा उपद्रव होतो, त्यांत स्तनग्रंथींच्या अर्बुदांचा क्रमांक पहिला लागतो. तरीही पोटावर हरभऱ्याएवढी गाठ हाताला लागली, की ‘दुखत नाही ना, मग राहू द्या’ असे म्हणून पुष्कळ घरांत ती सोडून दिली जाते. अशा गाठींपैकी सुमारे निम्म्या मारक निघतात. आणि कोणती सौम्य व कोणती मारक, हे निव्वळ चाचपून निष्णात पशुवैद्यालाही खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठी गाठ काढून तिचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो.

स्वीडनमध्ये कुत्रीची अंडाशये काढून टाकण्याची रीत फारशी रूढ नव्हती. तेथे १९९५ ते २००२ या काळातील विमा उतरविलेल्या माद्यांच्या नोंदी तपासल्या असता, सहाव्या वर्षापर्यंत सुमारे १ टक्का, आठव्यापर्यंत ६ टक्के आणि दहाव्यापर्यंत १३ टक्के माद्यांना या गाठी झाल्याचे आढळले. स्प्रिंगर स्पॅनियल जातीत प्रमाण विशेष मोठे होते, कोली जातीत पुष्कळच कमी. म्हणजे वयाबरोबर वंशाचाही यात हात आहे.

मूळ कारण मात्र कुत्रीच्या ऋतुचक्रातच दडलेले आहे. ती साधारणतः वर्षातून दोनदा माजावर येते. गायीला गर्भ राहिला नाही, तर तिच्या अंडाशयातील पीतपिंड लवकरच विरून जातो. कुत्रीचे तसे नाही. ती गाभण असो वा नसो, माज ओसरल्यावर सुमारे दोन महिने तिच्या शरीरात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक स्रवत राहते. त्याच्या प्रभावाखाली स्तनातील पेशी स्वतःच वाढीचे संप्रेरक निर्माण करू लागतात. कित्येक माद्यांना पिले नसताना दूध उतरते, ते याच चक्रापायी. न येणाऱ्या पिलांसाठी वर्षानुवर्षे चाललेल्या या तयारीत पेशी पुन्हा पुन्हा वाढतात आणि त्यांतील एखादी ताळतंत्र सोडते. माज थांबविण्यासाठी दिली जाणारी प्रोजेस्टेरॉनसदृश औषधेही हा धोका वाढवितात. एकदा विण्याने रोग टळतो, या लोकप्रिय समजुतीला मात्र भक्कम आधार मिळालेला नाही.

कॅलिफोर्नियातील १९६९ सालच्या एका अभ्यासाचे आकडे आजही सर्वत्र उद्धृत होतात. पहिल्या माजापूर्वी अंडाशये काढली तर धोका ०.५ टक्का, एका माजानंतर ८ टक्के, दोन वा अधिक माजांनंतर २६ टक्के. हे आकडे शंभर माद्यांपैकी किती आजारी पडतात याचे नव्हेत. शस्त्रक्रिया न झालेल्या मादीचा धोका १०० धरला, तर त्याच्या तुलनेतील ते प्रमाण आहे. जाणकारही येथे गफलत करतात. शिवाय लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजातील संशोधकांनी २०१२ मध्ये या विषयावरील सारे पुरावे पारखले, तेव्हा ते समजले जातात तितके बळकट नाहीत असा निष्कर्ष निघाला. लवकर केलेल्या शस्त्रक्रियेने काही माद्यांना मूत्र रोखता न येण्याचा त्रास, तर काही मोठ्या जातींत सांध्यांचे विकार वाढल्याचेही आढळले आहे. म्हणून शस्त्रक्रियेचे वय जात व अंगलोट पाहून ठरविणे इष्ट.

कुत्रीला सहसा स्तनांच्या पाच जोड्या असतात आणि मागच्या दोन जोड्यांत गाठी अधिक होतात. मारक गाठ वाढली, की रोग जवळच्या लसिकाग्रंथींत व तेथून फुप्फुसांत उतरतो. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी छातीची क्ष-किरण तपासणी केली जाते. गाठ तीन सेंटीमीटरहून लहान असताना निघाली, तर मादी पुढे अधिक काळ जगण्याची आशा पुष्कळ वाढते. पाच-सहा वर्षांपुढील मादीला आंघोळ घालताना, बगलेपासून जांघेपर्यंत एकेक स्तन दोन बोटांत धरून हलकेच चाचपावा, आणि वाटाण्याएवढी गाठ लागली तरी त्याच आठवड्यात पशुवैद्याला दाखवावी.