वयाच्या नावावर खपणारी दुखणी

भिवंडीत साठीपुढच्या माणसाला दवाखान्यात नेताना निदान बहुतेक वेळा रिक्षातच झालेलं असतं : ‘वय झालं आता.’ ऐकू येत नाही, वय झालं. गुडघे धरले, वय झालं. विसरायला होतं, मग तर झालंच.

वय काही करत नाही, असं नाही. तिशी-चाळिशीनंतर स्नायू घटू लागतात, डोळ्यातलं भिंग ताठरतं, मूत्रपिंडाची गाळण्याची ताकद कमी होते, तहानसुद्धा उशिरा लागते. पण या शहरात वयाच्या खात्यावर बरंच असं काही मांडलं जातं, जे खरं तर यंत्रमागाचं, मेडिकलमधून आणलेल्या गोळीचं किंवा बऱ्या होणाऱ्या आजाराचं देणं असतं.

बहिरेपणाचंच घ्या. धोट्याच्या जुन्या मागांच्या कारखान्यात आवाज ९० डेसिबलच्या वर असतो, पुष्कळदा १००च्या आसपास. ८ तासांसाठी ८५ डेसिबल ही सुरक्षित मर्यादा मानली जाते आणि पुढच्या दर ३ डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. या हिशोबाने १०० डेसिबलमध्ये कान जेमतेम १५ मिनिटं सुरक्षित. इथे पाळी १२ तासांची. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

वयाने येणारा बहिरेपणा साठीच्या पुढेमागे, सर्वांत उंच पट्टीच्या आवाजांपासून हळूहळू सुरू होतो. मागाचा बहिरेपणा त्याची वाट पाहत नाही. तपासणीच्या आलेखावर ४००० हर्ट्‌झच्या आसपास एक खड्डा दिसतो आणि तो चाळिशीतही दिसू शकतो. पुढे म्हातारपण त्यावर चढतं, दोन्ही आलेख एकमेकांत मिसळतात आणि मग कुणी काय केलं हे सांगणं अवघड होतं. म्हणून तपासणी कामावर असतानाच व्हायला हवी. फरक केवळ वैद्यकीय नाही. आवाजामुळे आलेला बहिरेपणा कायद्यात व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला आहे आणि कामगार भरपाईच्या तरतुदींतही तो आहे. ‘वय झालं’ म्हटलं की भरपाईचा प्रश्नच मिटतो. अर्थात भिवंडीतले बरेचसे छोटे कारखाने अशा कायद्याच्या कक्षेत येतच नाहीत. कापडाच्या मीटरवर मजुरी घेणाऱ्याचा कान कोण तपासणार?

दुसरा ठाम समज गुडघ्यांचा : ‘वंगण संपलंय, आता जास्त चालू नका.’ यंत्रांच्या गावात हे पटकन पटतं. पण माग चालवून झिजतो. गुडघा न चालवल्याने बिघडतो. सांध्यातल्या कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात, दाब पडतो-सुटतो तेव्हाच तिला पोषण मिळतं. शिवाय गुडघ्याचा भार मांडीचे स्नायू पेलतात आणि ते बसून राहिल्याने फार झपाट्याने उतरतात. उलट दिशेने मात्र ते कोणत्याही वयात वाढतात. १९९० साली बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या आसपासच्या अशक्त रहिवाशांकडून ८ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम करून घेतला, तेव्हा त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीच्या आसपास! वऱ्हाळादेवी तलावाभोवतीची सकाळची फेरी, नमाजातलं उठणं-बसणं, हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठणं, यांची किंमत या अर्थाने मोठी आहे. गुडघा सुजलेला, गरम किंवा अडकत असेल तर मात्र आधी डॉक्टर.

गुडघे धरले की आठवतात ती वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडं भिवंडी तालुक्यातच, तानसा नदीच्या काठी. तिथे बुडी मारल्यावर बरं वाटतं, ते खरंच वाटतं : उष्णतेने आखडलेले स्नायू सैलावतात. झिजलेली कूर्चा परत येत नाही, एवढंच. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याने कुंडातून उठताना सावकाश उठावं, कारण गरम पाण्याने दाब आणखी उतरतो आणि तिथल्या ओल्या पायऱ्यांवर भोवळ म्हणजे खुब्याचं हाड मोडलंच.

खरा धोका कुंडात नाही, दुखण्यावर परस्पर घेतलेल्या गोळीत आहे. डायक्लोफिनॅकच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या रोज घेतल्या की जठरात व्रण होऊ शकतात, रक्तदाब चढू शकतो, आधीच मंदावलेल्या मूत्रपिंडावर ताण येतो. नंतर पायांवर सूज दिसते आणि घरात ठरतं, वय झालं.

‘वय अधिक शंभर, एवढा बीपी चालतो’ हे जुन्या काळी काही डॉक्टरही म्हणत. ते आता कुणी मानू नये. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या हायव्हेट चाचणीत ८० वर्षांपुढच्या ३,८४५ रुग्णांत रक्तदाबाचं औषध घेणारे आणि न घेणारे यांची तुलना केली, तेव्हा औषध घेणाऱ्यांतले मृत्यू २१ टक्क्यांनी कमी झाले.

साठी बुद्धी नाठी? नाव पटकन न आठवणं, चष्मा शोधत फिरणं हे वयाचं. नेहमीच्या गल्लीत वाट चुकणं, तोच प्रश्न तासाभरात पाचदा विचारणं, पैशांचा हिशोब न जमणं हा आजार असू शकतो. देशात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. म्हणजे शंभरातल्या नव्वदांहून अधिक जणांना तो नाही. आणि काल ठीक असलेलं माणूस आज असंबद्ध बोलू लागलं तर तो म्हातारचळ नव्हेच. लघवीचा संसर्ग, सोडियम उतरणं, नवं औषध यांपैकी काहीही असू शकतं. त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.

राहिला एकटेपणा. तो पुण्यातल्या बंद फ्लॅटमधल्या, मुलं अमेरिकेत असलेल्या आजी-आजोबांचा आजार, भिवंडीत एका खोलीत सात माणसं, इथे कोण एकटं, असं आपण समजतो. पण ज्याला ऐकू येत नाही, तो सातांमध्येही एकटाच असतो. आधी तो चुकीची उत्तरं देतो, लोक हसतात. मग नाक्यावरच्या चहाला जाणं सोडतो. लग्नात कोपऱ्यात बसतो. घरचे म्हणतात, अब्बा हल्ली विरक्त झाले. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या स्मृतिभ्रंशावरच्या आयोगाने टाळता येण्याजोग्या १४ जोखीम-घटकांत श्रवणदोष गणला आहे तो उगीच नाही : अर्धवट ऐकू येणारं जुळवताना मेंदू थकतो आणि माणसांत मिसळणंही तुटतं.

‘मशीन लावलं की उरलेला कानही जातो’ हा समज त्यामुळे फार महागात पडतो. नीट जुळवलेलं श्रवणयंत्र कान बिघडवत नाही. पहिल्या दिवशी भांड्यांचा खणखणाट आणि पंख्याची घरघर असह्य होते, कारण मेंदू त्यांना विसरलेला असतो. सरावायला काही आठवडे लागतात आणि पुष्कळ यंत्रं त्याआधीच कपाटात जातात. तोवर घरच्यांना करण्यासारखं एक आहे. ओरडू नका. ओरडल्याने स्वर मोठे होतात, व्यंजनं तशीच बुडालेली राहतात. टीव्ही बंद करा, समोर या, तोंडावर उजेड असू द्या आणि सावकाश बोला. मागावर आयुष्य काढलेल्यांना ओठ आणि खुणा वाचण्याचा सराव तुमच्याहून जुना आहे.