सुटा भाग कुठे अडला?

अमेरिकी सरकारमार्फत शस्त्रे घेणाऱ्या मित्रदेशांसाठी ‘सिक्युरिटी कोऑपरेशन इन्फर्मेशन पोर्टल’, म्हणजे ‘स्किप’, ही ऑनलाइन व्यवस्था आहे. भारताची सी-१७ आणि सी-१३०जे विमाने अशाच सरकारी व्यवहारांतून आली. विमान एकदाच येते, सुटे भाग मात्र पुढची कित्येक वर्षे मागवावे लागतात. खरी कसोटी तिथेच असते.

बहुतेक भागांना १३ अंकी साठा क्रमांक असतो आणि प्रत्येक मागणीला १४ चिन्हांचा दस्तऐवज क्रमांक. त्यातच सैन्यदल, देश, मागणीची तारीख आणि अनुक्रम सामावलेला असतो. ‘स्किप’वर हा क्रमांक टाकला की मागणीची स्थिती दिसते, तीही दोन चिन्हांत. ‘बीए’ म्हणजे माल पाठवण्याची तयारी सुरू आहे. ‘बीबी’ म्हणजे साठा संपला आहे, नवा माल येईपर्यंत थांबा. ‘बीबी’ वेळीच दिसले तर कोणते विमान जमिनीवर राहणार, याचा अंदाज तळावरच्या अधिकाऱ्याला आधीच बांधता येतो. माझ्या मते या व्यवस्थेचे मोल यातच आहे.

देशाला फक्त स्वतःचीच नोंद दिसते. माल कमी वा चुकीचा आला, तर तक्रारही इथूनच करता येते. पण मालकी साधारणपणे माल अमेरिकेत रवाना होतानाच ग्राहकाकडे जाते. त्यामुळे वाटेतले नुकसान बहुधा ग्राहकाच्याच माथी येते आणि मालवाहतूकदारही त्यालाच नेमावा लागतो.