चार्जिंगची पिन ढिली झाली? दुकान गाठण्याआधी हे करून बघा

ई-पीक पाहणीचे शेवटचे दोन दिवस उरले होते आणि माझा मोबाईल चार्जच होईना. वायर वाकडी धरली की चार्जिंग सुरू, हात सोडला की बंद. रबर बांधून बघितलं, खाली काडेपेटी ठेवून बघितली. पाहणी राहिली तर सातबाऱ्यावर पीक लागत नाही, पुढे नुकसानभरपाईला अडचण येते. शेवटी तालुक्याला गेलो. दुकानदाराने आत काडी फिरवली आणि तांदळाच्या कणीएवढी मळाची गोळी बाहेर काढली. पिन चांगलीच होती!

आपला मोबाईल कायम खिशात असतो. माती, कपड्याचं सूत, तंबाखूची पूड आत जाते आणि वायर लावताना दर वेळी तीच आत दाबली जाते. मग वायर पूर्ण बसत नाही आणि आपल्याला वाटतं, पिन गेली.

आधी दुसरी वायर लावून बघा. सी-टाइपमध्ये पकड धरणारी स्प्रिंग वायरच्या टोकात असते, त्यामुळे बऱ्याचदा वायरच ढिली झालेली असते. नव्या वायरीनेही तेच होत असेल, तर टॉर्च लावून आत बघा.

मळ दिसला तर मोबाईल बंद करा. दात कोरायची लाकडी काडी घ्या आणि कडेकडेने हळू फिरवून मळ बाहेर ओढा. सी-टाइपच्या मधोमध पातळ जीभ असते, तिला जोर लावू नका. तिच्या दोन्ही बाजूंना बारीक पट्ट्या असतात, म्हणून सुई, टाचणी, सेफ्टी पिन अजिबात नको. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा ओलावा आत जातो. टायरच्या हवेचा पाइपही लावू नका.

मोबाईल भिजला असेल तर पिन खाली करून हलकेच झटका आणि वाऱ्यावर पूर्ण वाळू द्या. ओल्यात चार्जिंग लावलं तर आतल्या पट्ट्या गंजतात.

साफ करूनही वायर डुगडुगत असेल, जीभ मोडली असेल, आत काळं पडलं असेल किंवा पिन तापत असेल, तर चार्जिंग थांबवा आणि दुकानात जा. काही मोबाईलमध्ये पिन वेगळ्या छोट्या बोर्डावर असते, तो बोर्ड बदलता येतो. काहींमध्ये ती मुख्य बोर्डालाच डाग देऊन बसवलेली असते, ते काम जाणकाराचंच. आपल्यात कोणती आहे आणि खर्च किती, हे मोबाईल उघडण्याआधीच विचारा. फोटो, कागदपत्रं आधी दुसरीकडे घेऊन ठेवा.

वायर वाकडी धरून दिवस काढू नका. त्याने डाग सुटतो आणि साध्या मळाचं दुखणं बोर्डापर्यंत जातं. माझी पाहणी वेळेत झाली, पण एसटीचं भाडं आणि कामाचा एक दिवस मात्र गेला. एवढं काम घरी काडीने झालं असतं.