गंजलेली टाकी आणि उतरलेली कल्हई

जुन्या मोटारीच्या पुनरुज्जीवनाचा विचार करताना बहुतेकांचे लक्ष रंगाकडे, बंपरच्या चकाकीकडे आणि इंजिनाकडे जाते. परंतु वर्षानुवर्षे उभी असलेली गाडी पुन्हा चालती करू पाहणाऱ्याला सर्वांत आधी अडवते ती नजरेआड बसवलेली पेट्रोलची टाकी. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली फियाट, जी 1974 पासून पद्मिनी या नावाने ओळखली गेली, तिची टाकी गाडीच्या मागच्या बाजूस असते; तर महिंद्र कंपनीने 1947 पासून मुंबईत जुळवणी सुरू केलेल्या विलीज जीपची टाकी थेट चालकाच्या बैठकीखाली असते. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात, जेथे पावसाळ्यातील काळ्या मातीच्या वाटा साध्या मोटारीला दाद देत नाहीत, तेथे जीपचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नाही. आणि अशी जीप गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये काही पावसाळे उभी राहिली, की तिची टाकी आतून गंजू लागते.

ही टाकी पोलादी पत्र्याची असली, तरी कारखान्यात तिच्या पत्र्यावर सहसा शिसे व कथील यांच्या मिश्रधातूचा पातळ थर दिलेला असे. पितळेच्या पातेल्यात आंबट पदार्थ कळकू नये म्हणून त्याला कथलाची कल्हई करतात, त्याच जातीचा हा उपाय होय. मात्र दोहोंत एक महत्त्वाचा भेद आहे. पातेल्याची कल्हई उडाली की ती दिसते आणि पुन्हा लावून घेता येते. टाकीची कल्हई आत असते आणि ती कोठे उतरली हे कळत नाही. शिवाय, जस्ताचा मुलामा जसा स्वतः झिजून लोखंडाला वाचवतो, तसे शिसे-कथलाचे नाही. या थराला जेथे सुईच्या टोकाएवढे छिद्र पडते, तेथे पाण्याच्या सान्निध्यात उलट लोखंडच आधी झिजू लागते. गंज हा सच्छिद्र असल्यामुळे तो खालच्या धातूचे रक्षण करीत नाही, ओल मात्र धरून ठेवतो.

पेट्रोलच्या टाकीत पाणी येते कोठून, हा प्रश्न साहजिक आहे. अर्धी रिकामी टाकी हवेशी जोडलेली असते. दिवसा तापून ती हवा बाहेर टाकते, रात्री निवून दमट हवा आत घेते, आणि त्या हवेतील बाष्प थंड पत्र्यावर थेंबांच्या रूपाने जमते. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्यामुळे ते तळाशी बसते आणि गंजाची सुरुवातही बहुधा तळापासूनच होते. अलीकडे पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते. हिंगोली जिल्ह्यातील बसमत परिसरातही पिकणाऱ्या उसापासून तयार होऊ शकणारे हे मद्यार्क पाणी शोषून घेते, आणि पाण्याचे प्रमाण मर्यादेबाहेर गेले की मद्यार्क व पाणी यांचा वेगळा थर होऊन तळाशी उतरतो. गाडी रोज चालत असेल तर हे घडण्यास फारसा अवकाश मिळत नाही. उभ्या गाडीत मात्र तो भरपूर मिळतो. जुने पेट्रोल उडून गेल्यावर मागे राहणारी चिकट राळ आणि गंजाचे कण कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचले, की हवेत इंधन मिसळणाऱ्या त्या भागातील जेट नावाची बारीक छिद्रे बुजतात आणि इंजिन धापा टाकू लागते.

दुरुस्तीचा पहिला भाग गंजाशी नव्हे, तर आगीशी संबंधित आहे, आणि याबाबत कितीही वेळा बजावले तरी ते थोडेच ठरावे. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोकादायक असते, कारण द्रव पेट्रोल नव्हे तर त्याची वाफ पेट घेते, आणि हवेत दीड टक्क्याच्या आसपास वाफ असली तरी ठिणगी पुरते. ही वाफ हवेहून जड असल्याने टाकीतून सहज निघून जात नाही. म्हणून बॅटरीची जोडणी सोडवून, टाकी उघड्या जागी उतरवून, धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने ती अनेकदा खळबळून धुतल्याशिवाय पुढचे कोणतेही काम करू नये. टाकीला वेल्डिंग करणे हे घरगुती काम नव्हेच. बारीक छिद्रे रेडिएटर दुरुस्त करणाऱ्या अनुभवी कारागिराकडून डाख देऊन बुजवून घेणे श्रेयस्कर, आणि तेही टाकी धुऊन झाल्यावरच.

गंज काढण्यासाठी आधी टाकीत मूठभर नट किंवा साखळीचा तुकडा टाकून ती हलवतात, त्यामुळे सुटे पापुद्रे निघतात. त्यानंतर आम्लाचा उपयोग करावा लागतो. संडास साफ करण्याचे तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल वापरण्याचा मोह होतो, कारण ते तासाभरात काम उरकते. पण ते गंजाबरोबर चांगला पत्राही खाते आणि धुतल्यावर काही मिनिटांतच नवा तांबूस गंज उमटतो. किराणा दुकानात लिंबूफूल म्हणून मिळणारे सायट्रिक आम्ल याहून पुष्कळ सौम्य असते. दहा लिटर कोमट पाण्यात अर्धा ते एक किलो या प्रमाणात ते विरघळवून टाकी काठोकाठ भरून एक दिवस ठेवली, की गंज विरघळत जातो आणि पत्रा बव्हंशी शाबूत राहतो. चिंचेने तांब्याचा हंडा उजळतो, त्यामागचे रसायनही याच कुळातले आहे. नंतर सोड्याच्या पाण्याने उरलेले आम्ल मारून, टाकी स्वच्छ धुऊन, लगेच कोरडी करून आतून तेलाचा हात फिरवावा लागतो. वैशाखातील चाळीस अंशांचे ऊन येथे उपयोगी पडते.

विद्युत प्रवाहाची रीत याहून नाजूक आहे. टाकीत सोड्याचे पाणी भरून, तिच्या भिंतीला कोठेही न टेकणारी साध्या लोखंडाची सळई मध्यभागी टांगतात आणि बॅटरी चार्जरचे ऋण टोक टाकीला व धन टोक सळईला जोडतात. या क्रियेत ज्वालाग्राही हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून हे काम उघड्यावरच करावे. आणि सळई स्टेनलेस स्टीलची असू नये, कारण तिच्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते.

आतून रासायनिक लेप देण्याबाबत मतभेद आहेत. गंज वा तेलाचा अंश राहिलेल्या पत्र्यावर दिलेला लेप काही काळाने पापुद्र्यांनी सुटतो आणि इंधनाची नळी बुजवतो. काही जुन्या प्रकारचे लेप इथेनॉलमुळे मऊ पडतात. पत्रा चाळणीसारखा झालेला नसेल, तर लेप न देता स्वच्छ टाकी वापरात ठेवणे अधिक योग्य वाटते. मूळ टाकी जपण्यास आणखी एक कारण आहे. केंद्र सरकारने 2021 साली केलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या खासगी गाड्यांची ‘व्हीए’ या अक्षरांसह स्वतंत्र नोंदणी होऊ शकते. हिंगोली जिल्हा 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झाला असल्याने इतक्या जुन्या गाडीच्या पहिल्या कागदांवर त्याचे नाव असणे शक्य नाही. कागद परभणीचे, हैदराबादचे किंवा मुंबईचेही असू शकतात आणि तेही टाकीइतकेच जपून ठेवावेत.

टाकी पुन्हा बसवताना पंपाच्या आधी पारदर्शक फिल्टर लावला, तर पहिल्या काही दिवसांत आतून काय येते ते डोळ्यांना दिसते. फिल्टरमध्ये तांबूस गाळ दिसत राहिला तर टाकी पुन्हा उतरवावी लागते. गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल, तर मृग लागण्यापूर्वीच टाकी काठोकाठ भरून ठेवावी, म्हणजे दमट हवेला आत जागाच उरत नाही.