वनसेवेत जायचंय? पदं, परीक्षा, संस्था

वनरक्षक – वनखात्याचा पाया. एका नियतक्षेत्राची, म्हणजे बीटची, गस्त त्याच्याकडे. सर्वसाधारण पात्रता बारावी. विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यांपैकी एक विषय हवा. धावण्याची चाचणी पुरुषांना ५ किलोमीटर, महिलांना ३. लेखी परीक्षेइतकीच तयारी पायांची लागते. पुढची पायरी वनपालाची, बढतीने.

वनक्षेत्रपाल (गट ब), सहायक वनसंरक्षक (गट अ) – निवड राज्य लोकसेवा आयोगातर्फे. एका परिक्षेत्राचा कारभार वनक्षेत्रपाल पाहतो.

भारतीय वन सेवा – १९६६पासून अखिल भारतीय सेवा. निवड केंद्रीय लोकसेवा आयोगाकडून. पूर्वपरीक्षा २०१३पासून नागरी सेवांबरोबर एकत्र, मुख्य परीक्षा मात्र वेगळी. विज्ञानाचे ठरावीक विषय, कृषी, वानिकी, अभियांत्रिकी किंवा पशुवैद्यक यांतली पदवी आवश्यक. केवळ कला वा वाणिज्य पदवीवर अर्ज करता येत नाही. प्रशिक्षण डेहराडूनला.

शिक्षण – वानिकीची चार वर्षांची बीएस्सी दापोली आणि अकोला येथील कृषी विद्यापीठांत. वन व्यवस्थापनासाठी भोपाळची भारतीय वन व्यवस्थापन संस्था (१९८२).

खात्याबाहेर – महाराष्ट्र वनविकास महामंडळ (१९७४, मुख्यालय नागपूर) हे वनखात्याहून वेगळं. सागाची लागवड आणि लाकूडविक्री हे त्याचं मोठं काम. याशिवाय रोपवाटिका, कागद व प्लायवूड कारखाने, उपग्रह-नकाशांवर आधारित वनमोजणी, निसर्ग पर्यटन. बांबूकडे विशेष लक्ष द्यावं: २०१७च्या कायदादुरुस्तीनंतर वनक्षेत्राबाहेरचा बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेला आहे.

वयोमर्यादा व शारीरिक निकष प्रत्येक भरतीच्या जाहिरातीत तपासून घ्यावेत.